निळ्या बॅगेतली इस्त्री

इस्त्री विहीणबाईंच्या मोठ्या निळ्या बॅगेत शिरली, तेव्हा कडकबाई दारातच उभी होती. तिने इस्त्री पाहिली, तिची गुंडाळलेली वायर पाहिली, वर अलगद ठेवलेला जांभळा रेशमी पोशाख पाहिला आणि तोंडातून अवाक्षर काढलं नाही.

खरं तर एक वाक्य पुरलं असतं. प्रवासी जहाजावर इस्त्री नेऊ देत नाहीत. केबिनमध्ये कुणी ती तापत ठेवून जेवायला गेलं, तर आग लागायला वेळ लागत नाही, आणि भर समुद्रात पळून जायला जागा नसते. बॅगा यंत्राखालून जातात, यंत्रात इस्त्री लख्ख दिसते आणि ती बॅग मालकाच्या दारात न येता खाली चौकीत जाऊन बसते. हे सगळं कडकबाईला स्वतःच्या नावासारखं पाठ होतं. पण आदल्याच दिवशी मुलाने तिला बाल्कनीत नेऊन, दार लोटून बजावलं होतं, "आई, एक लक्षात ठेव. लाँड्रीचा विषय काढायचा नाही. चादरी नाहीत, साबण नाही, इस्त्री नाही. काही म्हणजे काही नाही."

"बरं," ती म्हणाली होती. आणि ती शब्दाची पक्की होती.

कडकबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे. सव्वीस वर्षं ती प्रवासी जहाजांच्या पोटात, पाण्याच्या रेषेखाली, लाँड्रीत होती. शेवटची अकरा वर्षं तर चादरी दाबून काढणाऱ्या रुळांच्या यंत्रावर मुख्य. तिच्या हाताखालून गेलेली चादर भिंतीला टेकवली तर उभी राहील, असं खलाशी म्हणायचे. जीभही तशीच, म्हणून कडकबाई. नवरा गेला तेव्हा मुलगा सहा वर्षांचा होता. त्याला बहिणीच्या स्वाधीन केलं आणि ही नऊ-नऊ महिन्यांच्या करारावर जहाज चढली.

मुलगा मोठा झाला, विम्याच्या कचेरीत लागला आणि एका मुलीच्या प्रेमात पडला. मुलीचे वडील शाळा तपासनीस, म्हणजे माणूस समोर आला की मनातल्या मनात गुण देऊन मोकळे होणारे. पहिल्याच भेटीत त्यांनी विचारलं, "मातोश्री काय करतात?" मुलगा म्हणाला, "जहाजावर अधिकारी आहेत." पुढे लग्नात व्याह्यांनी चारचौघांत तिची तशी ओळख करून दिली, तेव्हा कडकबाईला आपली बढती कळली. मुलाने तिच्याकडे अशा डोळ्यांनी पाहिलं की ती मान डोलावून गप्प बसली. त्याला आता बारा वर्षं झाली होती. नोकरी सुटली तरी बढती सुटेना.

यंदा व्याह्यांच्या संसाराला चाळीस वर्षं झाली, म्हणून जावयाने हौसेने सगळ्यांसाठी उष्ण समुद्रातल्या बेटांची आठ दिवसांची सफर ठरवली होती. "विहीणबाई बरोबर आहेत म्हणजे आपली काळजी मिटली," व्याही कडकबाईकडे बघून म्हणाले. "कप्तानाशी ओळख करून द्याल ना?" विहीणबाईंनी विचारलं. जांभळा पोशाख त्यासाठीच होता. आज रात्री कप्तानाचा स्वागतसमारंभ होता.

कडकबाईला ना कप्तानाचं अप्रूप, ना बेटांचं. ती एकाच गोष्टीसाठी निघाली होती. जहाज धक्का सोडतं ते तिला वरून बघायचं होतं.

सव्वीस वर्षांत तिने ते एकदाही पाहिलं नव्हतं. प्रवासी चढतात तो दिवस म्हणजे लाँड्रीचा वैरी. सकाळी तीन हजार माणसं उतरतात, दुपारी दुसरी तीन हजार चढतात, आणि मधल्या चार-पाच तासांत सगळ्या पलंगांची कातडी बदलायची. वरून मळक्या चादरींचा डोंगर कोसळत असतो. संध्याकाळी पाचला जहाज निघालं, की ते तिला फक्त तळपायांना कळायचं. फरशी बारीक शहारायची, मग जरा थांबायची, मग एका लयीत थरथरायला लागायची. निघालो, असं म्हणून ती पुढची चादर ओढायची.

आणि त्याच वेळी वर धक्क्यावर बहीण मुलाला घेऊन उभी असायची. "हात कर, हात कर, आई वरून बघतेय." तो हात करायचा. कडकबाई सकाळीच बंदरातल्या टेलिफोनवरून बहिणीला विचारून ठेवायची, "आज काय घालणार आहेस त्याला?" आणि पुढच्या पत्रात लिहायची, 'पिवळा शर्ट घातला होतास. दिसलास हं मला. दोन्ही हात हलवत होतास.' सात वर्षं हे चाललं. बहीण आता नव्हती, आणि तिने हे कुणाला सांगितलं नव्हतं. पण कडकबाईच्या मनात ते कुसळासारखं राहून गेलं होतं. इतक्या उंचावरून धक्क्यावरचं पोर दिसतं तरी का? आज पाच वाजता, वरच्या डेकवर, किनाऱ्याच्या बाजूला, कठड्याशी उभं राहून बघायचं. एवढंच.

बंदरावर टॅक्सीतून उतरल्यावर नऊ बॅगा, पाच माणसं आणि विहीणबाईंच्या तीन टोप्या एवढा संसार फुटपाथवर मांडला गेला. बॅगा घेणारे हमाल समोरच होते. त्यांनी निळ्या बॅगेला चिठ्ठी बांधली आणि ती ढकलगाडीवर घातली. कडकबाई तिच्याकडे, लग्न होऊन जाणाऱ्या मुलीकडे बघावं तशी बघत राहिली.

"विहीणबाई, तुम्ही पुढे व्हा," व्याही म्हणाले. "तुमच्या पायाखालची वाट."

त्यांनी हे म्हणायला नको होतं. कडकबाई पुढे झाली आणि पायांनी आपला कारभार हाती घेतला. मोठ्या काचेच्या दारासमोरून, दोरांच्या वळणावळणाच्या रांगेसमोरून ती ताडताड चालत गेली, कोपऱ्यावर डावीकडे वळली, लोखंडी फाटक ओलांडलं आणि थांबली. मागोमाग सगळे थांबले. समोर बटाट्यांची पोती होती, टॉवेल भरलेल्या जाळीच्या गाड्या होत्या, डिझेलचा वास होता आणि जहाजाच्या पोटात जाणारा एक अरुंद दरवाजा होता.

विहीणबाईंनी आजूबाजूला पाहिलं. "गर्दी नाही अगदी," त्या खूश होऊन म्हणाल्या. "खास लोकांचा प्रवेश दिसतोय."

दरवाज्यातल्या पहारेकऱ्याने वही उघडली. "कामावर हजर व्हायला आलात का, बाई?"

कडकबाईच्या जिभेवर 'हो' आलंच होतं.

"नाही, नाही!" मुलगा घाईघाईने पुढे आला. कानाच्या पाळ्या लालबुंद. "आईला सवय आहे. म्हणजे, ती तपासणीला यायची ना, तर या बाजूने."

"अचानक तपासणी!" व्याह्यांचा चेहरा उजळला. "बरोबर आहे. मागच्या दारानेच जावं लागतं. मीही असंच करायचो. पुढून गेलं की मुख्याध्यापक हार घेऊन उभे."

पहारेकऱ्याने एकदा व्याह्यांकडे आणि एकदा कडकबाईच्या हातांकडे पाहिलं. मनगटावर वाफेने भाजल्याचे जुने पांढरे डाग होते. त्याला काय समजायचं ते समजलं. "प्रवाशांचा दरवाजा पुढे आहे, मावशी," तो हळूच म्हणाला.

मग ती रांग. रांगेत एक तास वीस मिनिटं. कागद दाखवा, चेहरा दाखवा, पुन्हा कागद दाखवा. सून बिचारी सगळ्यांचे कागद एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घेऊन, कोंबडीने पिलं सांभाळावीत तशी सांभाळत होती. पुढे एक रंगवलेला नारळीचा पडदा आणि लाकडी सुकाणू होतं. तिथे थांबून फोटो काढल्याशिवाय कुणाला पुढे सोडत नव्हते. खरा समुद्र वीस पावलांवर होता. पण माणसं रंगवलेल्या समुद्रासमोर केस सारखे करत होती. विहीणबाईंनी तिन्ही टोप्या घालून तीन फोटो काढवून घेतले. मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "बाई, जहाज आजच निघणार आहे."

आत पाऊल टाकलं आणि गार हवा, पियानो, चकचकीत जिने. कडकबाईने सव्वीस वर्षांत हा जिना एकदाच पाहिला होता, तोही सांडलेल्या दारूचा गालिचा उचलायला बोलावलं तेव्हा. आता त्यावरून ती रुबाबात चढली. छान वाटलं, नाही कशाला म्हणा. कठड्याला हात लावून बघितला. पितळ चांगलं घासलेलं होतं.

जेवणाच्या दालनात मात्र माणुसकीचा निकाल लागला होता. उद्यापासून जगात अन्न मिळणार नाही अशी पक्की बातमी जणू सगळ्यांना लागली होती. एका गृहस्थाच्या ताटात माशावर केक होता आणि केकवर लोणी. व्याह्यांनी चार प्रकारचे गोड पदार्थ घेतले आणि एकेकाला शेरा दिला: "बरा. समाधानकारक. सुधारणेस वाव. पुन्हा बघावा लागेल." पुन्हा बघायला ते दोनदा गेले. शेजारच्या टेबलावर सूप सांडलं, आणि त्या बाईने ते पुसायला एकामागून एक सात नॅपकिन घेतले. कडकबाईने मोजले. सातही पांढरे, आणि सूप टोमॅटोचं. तिने पावाचा मोठा तुकडा तोंडात कोंबला, नाहीतर शब्द बाहेर पडले असते.

खोल्या उघडल्या तेव्हा तीन वाजले होते. व्याही-विहीणबाईंना समुद्राकडे सज्जा असलेली, मुला-सुनेला खिडकीची, आणि कडकबाईला आतली, बिनखिडकीची.

"अधिकारी असून आतली खोली?" विहीणबाईंनी भुवया उंचावल्या.

"आईला समुद्राचा कंटाळा आहे," मुलगा म्हणाला. तेवढ्यात त्याला कसं सुचलं कोण जाणे. विमा विकून विकून माणूस तयार होतो.

कडकबाईने पलंगावर तळवा फिरवला. चादरीच्या कोपऱ्याची दुमड एका बाजूला सैल होती. रुळाचा ताप कमी पडलाय, तिच्या मनात आलं, नवीन माणूस दिसतोय. ती दुमड तिने सारखी केली. आठ दिवस सैल दुमडीवर कोण झोपणार?

साडेतीनला संकटाच्या वेळी कसं वागायचं याची कवायत झाली. तीनशे माणसं एका दालनात उभी करून एका पोरीने नारिंगी जॅकेट अंगात घालून दाखवलं. कुणी बघत नव्हतं. ज्याला त्याला आपल्या बॅगेची चिंता. "आवाज स्पष्ट," व्याही म्हणाले, "पण वर्गावर ताबा नाही."

सव्वाचारला बॅगा दारोदार आल्या. आठ. नववी, निळी, नाही. तिच्या जागी एक चिठ्ठी: आपली बॅग खाली सुरक्षा चौकीत आहे, त्यात निषिद्ध वस्तू आढळली आहे, मालकाने किल्ली घेऊन स्वतः यावं.

विहीणबाई मटकन खुर्चीत बसल्या. "निषिद्ध? माझ्या बॅगेत? अहो, मी काय बाँब घेऊन आलेय?" मग त्यांना कडकबाई आठवली. "विहीणबाई! तुम्ही आहात म्हणून बरं. जरा खाली जाऊन सांगा ना त्यांना, मी कोण आहे ते. तुमचा एक शब्द पुरे. माझा पोशाख आहे त्यात!"

"हो, हो," व्याही म्हणाले. "अधिकाऱ्याने अधिकाऱ्याशी बोललेलं बरं."

कडकबाईने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. चार पंचवीस. चौकी कुठे आहे ते तिला माहीत होतं. सर्वांत खालच्या मजल्यावर, लाँड्रीच्या दोन दारं अलीकडे. तिथली रांगही माहीत होती. पहिल्या दिवशी पन्नास-साठ शहाणे तिथे उभे असतात, कुणाची इस्त्री, कुणाची किटली, कुणाची मेणबत्ती. म्हणजे पाच वाजता ती पुन्हा पाण्याखालीच असणार होती. तळपायांनी जहाज निघाल्याचं ओळखणार होती. सत्ताविसाव्या वर्षीही.

मुलगा तिच्याकडे त्याच लग्नातल्या डोळ्यांनी बघत होता.

"आई, जातेस ना?"

"नाही," कडकबाई म्हणाली.

"म्हणजे?"

"आज माझी सुट्टी आहे." तिने शाल खांद्यावर घेतली. "विहीणबाई, मी अधिकारी नव्हते. सव्वीस वर्षं लाँड्रीत होते. त्या चौकीतली माणसं माझं ऐकणार नाहीत, आणि तुमचंही ऐकणार नाहीत. बॅगेत इस्त्री आहे तुमच्या. ती काढून घेतील, पावती देतील, परत जाताना मिळेल. रांग मोठी असते, आत्ताच निघा. मी वर चाललेय."



"लाँड्रीत?" विहीणबाई म्हणाल्या. "बारा वर्षं मी तुम्हाला उठून खुर्ची देतेय!"

"गुडघे दुखायचे माझे. बरं वाटायचं."

"अहो, ते जाऊ दे!" व्याही उभे राहिले. त्यांचा रंग उडाला होता. "पेन्शनसाठीच्या माझ्या हयातीच्या दाखल्यावर तुमची सही आहे! 'अधिकारी' म्हणून! दरवर्षीची! मग मी कायद्याने हयात आहे की नाही?"

"गोड पदार्थ दोनदा घेतलेत, म्हणजे असाल," कडकबाई म्हणाली आणि दार ओढून घेतलं. मागे सुनेचं हसू फुटलेलं तिला ऐकू आलं. इतका वेळ पोरीने ते कुठे दाबून ठेवलं होतं कुणास ठाऊक.

वरच्या डेकवर उत्सव चालला होता. ढणाढणा गाणी, रंगीत पेल्यांत छत्र्या, निम्मी माणसं तरणतलावात. जहाज कुठल्या बाजूने धक्क्याला लागलंय हेही कुणाला ठाऊक नव्हतं. जे कठड्याशी होते ते किनाऱ्याकडे पाठ करून फोन उंच धरून स्वतःकडे बघत होते. कडकबाईने दोन जाडजूड पाठींच्या मध्ये खांदा घातला. "जरा सरका." कडक आवाज होता, सरकले.

बरोबर पाचला तळपायांना ते कळलं. फरशी बारीक शहारली. शेजारचे पितच होते. कडकबाईने कठडा घट्ट धरला. फरशी थांबली, आणि मग धक्का हलला. जहाज नव्हे, धक्काच. दोर पाण्यात पडले, मध्ये हातभर पाणी दिसलं, मग पुरुषभर, मग रस्त्याएवढं. आवाज नाही, हिसका नाही. इतकं साधं. खाली आपण किती मोठं काहीतरी कल्पलं होतं.

धक्क्यावर माणसं होती. चेहरे काही कळत नव्हते, सांडलेल्या दाण्यांसारखी दिसत होती. पण रंग दिसत होते. एक निळा. एक पांढरा. एका लाल ठिपक्याच्या शेजारी काहीतरी बारीक वर-खाली होत होतं. हात असावा.

"आई." मुलगा शेजारी येऊन उभा होता. धापा टाकत. त्याने खाली धक्क्याकडे बोट केलं. मग म्हणाला, "मी तिथे उभा राहायचो. त्या पिवळ्या खांबाशी. इथे वर एक बाई असायची, पांढऱ्या कपड्यांत, खांद्यावर सोनेरी पट्टे. मला वाटायचं तीच तू."

"आणि?"

"आणि काय. सासऱ्यांनी विचारलं तेव्हा तोंडातून तेच निघालं."

कडकबाईने डोळे बारीक करून तो लाल ठिपका पुन्हा शोधला. "पिवळा शर्ट दिसला असता," ती म्हणाली. "चेहरा नाही, पण शर्ट दिसला असता."

"असता? म्हणजे तू मला..."

"तेच तर बघायला आले." ती त्याच्याकडे वळली नाही. "आता तुझं माझं फिटलं. आणि पुढच्या वेळी मला खिडकीची खोली घे. समुद्राचा कंटाळा म्हणे."

तो काहीतरी बोलणार होता, पण तेवढ्यात पाठीमागून विहीणबाई आल्या. टोपी नव्हती, केस चिकटलेले, चेहरा वाफेवर धरल्यासारखा. एका हातात पावती, दुसऱ्या हातात जांभळा पोशाख. चौकीत बॅग उपसून बघताना त्याचा पार बोळा झाला होता.

"घेतली इस्त्री," त्या म्हणाल्या. "आणि काय तो खालचा उकाडा! तुम्हाला माहीत होतं ना? सकाळी दारातच होतात तुम्ही."

"होतं."

"मग सांगितलं का नाही?"

"इस्त्रीचा विषय काढू नकोस, अशी ताकीद होती मला."

मुलगा एकदम समुद्राकडे फार लक्ष देऊन बघायला लागला. विहीणबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. जावयाचे गुण आज संध्याकाळी पुन्हा तपासले जाणार होते. मग त्यांनी पोशाख पुढे धरला. आवाजातला ताठा थोडा उतरला होता, सगळा नाही.

"आठ वाजता कप्तान आहे. हे मी कसं घालू आता? इस्त्रीशिवाय काही होतं का याचं? तुम्हालाच माहीत असणार."

कडकबाईने दोन बोटांत कापड धरून बघितलं. रेशीम चांगलं होतं. गरम पाण्याच्या वाफेत वीस मिनिटं टांगलं, खालच्या काठाला ओला टॉवेल बांधला, की झालं असतं.

"होतं की," ती म्हणाली आणि पुन्हा कठड्याकडे वळली. "सांगते. आधी ते दीपगृह मागे जाऊ दे."

विहीणबाई पोशाख घेऊन शेजारी उभ्या राहिल्या. दीपगृह अजून बरंच पुढे होतं.